विचारल्याशिवाय हात लावू नये

४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

आधी हिशेब. बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला कंपनीतून निघालेला जुना कॉम्प्युटर फुकट दिलात. त्या फुकटाची खरी किंमत काल बसून काढली. टेम्पोचं भाडं. नवं टेबल, कारण जुन्याचा पाय वजनाने वाकला. तुम्ही जोडायला आलात ते दोन दिवस दुकान बंद. शिकताना वाया गेलेले पितळेचे सतरा पत्रे, त्यातल्या एकावर वकिलाच्या जागी त्याच्या घरमालकाचं नाव कोरलं गेलं. आणि बारा वर्षं दर आठवड्याला निदान एकदा घरात ऐकलेलं वाक्य : "भावोजींनी कॉम्प्युटर दिला म्हणून आपलं दुकान चाललं." बाकी सगळं फिटलं. हे शेवटचं अजून फेडतोय.

आता दुखणं सांगतो. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी बटण दाबलं की कॉम्प्युटर स्वतःला वीस वर्षं मागे नेऊन ठेवतो. तारीख एक जानेवारी. मग कोरणीचा प्रोग्राम म्हणतो की तुम्ही मला अजून विकत घेतलेलंच नाही, आणि तोंड मिटून बसतो. नवा कॉम्प्युटर घ्यावा तर माझ्या कोरणी यंत्राची ती पंचवीस पिनांची वायर नव्याला लागतच नाही. दुकानदार वायर बघून हसला, मग त्याने आतून दुसऱ्याला बोलावलं, तोही हसला.

आणि तुम्हाला माहीत आहे त्यात काय आहे. माझी अक्षरं. अकरा वर्षं एकेक अक्षर कागदावर काढून आत चढवलंय. दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यात नव्या दवाखान्याच्या एकशे चाळीस दारांच्या पाट्या मार्चअखेर द्यायच्या आहेत. आणि डिस्कमधून टिकटिक येते. मी कारखान्यात झाडू मारत होतो तेव्हा पाठ फिरवून नुसत्या आवाजावरून ओळखायचो कोणाची छिन्नी बोथट झाली ते. माझा कान चुकत नाही. डिस्क चालली.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही बोलता तेव्हा मी ऐकतो कमी आणि जळतो जास्त. शिवाय मागच्या वेळी तुम्ही 'नो' म्हणालात आणि मी 'यस' दाबलं. लिहून कळवा. तुमची मेहुणी, धाकटी, म्हणते, भावोजी दोन ओळींत सोडवतील. बघू.

आपला,
पाटीवाला


९ फेब्रुवारी

प्रिय साडू,

हिशेब वाचला. त्यात एक रक्कम राहिली आहे, कॉम्प्युटरची.

दोन ओळींत सुटणारं हे काम नाही, धाकटीला सांगा. ही जुनी सिस्टीम म्हणजे शिस्तीचं प्रकरण. आजकालच्या मशीनसारखी ती तुमच्या मनातलं ओळखत नाही. पुढीलप्रमाणे करा, क्रम मोडू नका.

बटण दाबल्या दाबल्या 'डिलीट' ही कळ टकटक दाबत राहा. निळा पडदा येईल. घाबरू नका, हा निळा पडदा चांगला. वाईट निळा पडदा वेगळा, तो आला तर कळवा. पहिल्याच ओळीत तारीख आहे. तिथे आधी महिना येतो, मग दिवस. तुम्ही उलटं घालाल म्हणून दोनदा लिहितो : आधी महिना, मग दिवस. मग वेळ. मग एफ-दहा दाबा, 'वाय' दाबा. आता प्रोग्राम उघडेल. यंत्र हललं नाही, तर त्याच निळ्या पडद्यात पोर्टचं सेटिंग बघा. तेही तारखेबरोबर विसरलं जातं. त्यापुढे 'ई-सी-पी' असं असायला हवं.

सिस्टीम अर्ध्यात अडकली तर एफ-आठ दाबून 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. तिथे चित्रं मोठी आणि भुतासारखी दिसतील, ते बरोबर आहे. बंद करताना 'आता बंद करायला हरकत नाही' ही ओळ येईपर्यंत थांबा. तुम्ही थांबत नाही, मला माहीत आहे.

हे रोज सकाळी करावं लागेल. अडचण आली की लिहा.

काळजी करू नका. तुमच्या मशीनचं जुळं भावंड आमच्या कंपनीत गोदामाच्या वजनकाट्यावर आजही चालू आहे. तुम्ही करून दिलेली पितळी पाटी अजून त्याच्या कपाळावर आहे. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अडलं की फोन मलाच. नवी पोरं त्याला हात लावायला घाबरतात.

आपला,
थोरला साडू


१७ फेब्रुवारी

साडूभाऊ,

केलं. आधी महिना, मग दिवस. धाकटी तुमचं पत्र हातात धरून मोठ्याने वाचत होती आणि मी कळा दाबत होतो. "भावोजींनी बघा कसं समजावून लिहिलंय, अगदी लहान मुलाला सांगावं तसं." ते लहान मूल मी. पत्र वाचून झाल्यावर तिने घडी घालून कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली. लग्नाआधी मी तिला चार पत्रं लिहिली होती, ती कुठे आहेत विचारलं. म्हणाली, असतील कुठेतरी.

तारीख रोज सकाळी घालतो. वेळ वर भिंतीवरच्या घड्याळात बघून घालतो. पण हा कॉम्प्युटर आता वेळेलाही मागे पडायला लागलाय. परवा एक गिऱ्हाईक पावती बघून म्हणालं, "शेठ, तुमच्याकडे अजून अकरा वाजायचेत, माझ्याकडे वाजून गेले." कॉम्प्युटर आतून थकला की असंच होत असणार.

टिकटिक वाढली आहे. इतकी की मशीन बंद केलं तरी कानात वाजत राहते. धाकटीला ऐकू येत नाही. ती म्हणते, भावोजींना विचारा. मी म्हटलं, कान माझा आहे, भावोजींचा नाही. डिस्क जाणार, साडूभाऊ. आज ना उद्या. पाट्या सत्तावन्न झाल्या आहेत.

म्हणून एक विनंती. अक्षरं बाहेर काढायची आहेत. पेन ड्राइव्ह लावला तर सिस्टीम म्हणते हे काय आहे मला माहीत नाही. दुसरं म्हणजे, तुमच्या कंपनीतलं ते जुळं मशीन चालू आहेच. माझी अक्षरं त्याच्यावर चढवून ठेवता येतील का? तिथे सुरक्षित राहतील. तुमच्या एका शब्दाचं काम.

आपला,
पाटीवाला


२२ फेब्रुवारी

प्रिय साडू,

जुळ्या मशीनवर तुमची अक्षरं ठेवता येणार नाहीत. ते सतत कामात असतं. काटा पाच मिनिटं थांबला तर ट्रकांची रांग फाटकाबाहेर जाते. शिवाय सुरक्षेचे नियम कडक झाले आहेत. मी शब्द टाकला असता तर झालंही असतं, पण मी तत्त्व म्हणून टाकत नाही.

पेन ड्राइव्हचं ऐका. तुमची सिस्टीम जन्मली तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हता. तिला त्याची ओळख करून द्यावी लागते. सोबत सीडी पाठवतो, तिच्यावर ओळख करून देणारी एकच फाइल आहे. ती आधी चढवा, मशीन बंद करून सुरू करा, आणि मगच पेन ड्राइव्ह लावा. क्रम चुकला तर सिस्टीम त्याला अनोळखी समजून कायमची तोंड फिरवते. मोठा पेन ड्राइव्ह चालणार नाही, छोटा घ्या. सगळी अक्षरं एकदम उचलू नका, थोडी थोडी उतरवा. अडकलं तर ओढून काढू नका, मला लिहा.

टिकटिकीबद्दल. तुमचा कान छिन्नीसाठी ठीक आहे. डिस्कसाठी कान चालत नाही, ज्ञान लागतं. तरी 'स्कॅनडिस्क' चालवून काय म्हणते ते लिहून पाठवा, अक्षरशः, जसं दिसेल तसं.

धाकटी पत्र जपून ठेवते हे वाचून बरं वाटलं. इथे माझ्या दारावर तुमची पाटी आहे. येणारा माणूस आधी तिच्यावरून बोट फिरवतो आणि मग बेल वाजवतो. आत आल्यावर पहिला प्रश्न : "कोणी केली हो?" मी तुमचं नाव सांगतो. मग चहा होईपर्यंत तुमचाच विषय. अठ्ठावीस वर्षं मी जे केलं त्याच्यावरून कोणाला बोट फिरवता येत नाही.

आपला,
थोरला साडू


२ मार्च
(हे लिहिलं, पाकिटात घातलं, पण टाकलं नाही.)

साडूभाऊ,

आज मी फार खूश आहे. बारा वर्षांत इतका खूश नव्हतो.

तुमच्या सीडीने पेन ड्राइव्हची ओळख पटली नाही. सिस्टीमने तोंड फिरवलं. क्रम मी चुकवला असेन, कबूल. पण टिकटिक ऐकून माझा धीर सुटला आणि म्हटलं, याच जातीची जुनी डिस्क कुठे मिळते का बघावं. भंगारवाल्याकडे गेलो. तो कारखान्यांचा माल घेतो. मागच्या शेडमध्ये कॉम्प्युटरांची भिंत रचलेली. खालून दुसऱ्या रांगेत तुमचं मशीन.

ओळखलं कसं, विचारा. कपाळावर माझी पाटी. "सिस्टीमसाहेबांना विचारल्याशिवाय हात लावू नये." कंपनीत तुम्हाला सिस्टीमसाहेब म्हणायचे म्हणून कौतुकाने करून दिली होती. 'ह'ची शेपटी थोडी वाकडी आहे, तेव्हा मी नवा होतो.

भंगारवाल्याला विचारलं, कधी आलं हे? म्हणाला, "सहा वर्षं झाली. त्या साहेबांचा निरोप समारंभ झाला, दुसऱ्या दिवशी फोन आला, घेऊन जा म्हणून." म्हणजे वजनकाटा नाही, ट्रकांची रांग नाही, घाबरलेली पोरं नाहीत. आणि तत्त्व म्हणून शब्दही टाकत नाही!

एवढ्यावर थांबलं नाही. मी त्याला तारखेचं दुखणं सांगितलं. त्याने विचारलंसुद्धा नाही कोणतं मशीन. म्हणाला, "आतली गोल बॅटरी संपली असेल. नाण्याएवढी असते. घड्याळवाल्याकडे मिळते. ती बदलली की तारीख विसरत नाही. हे तर कोणालाही माहीत असतं." कोणालाही! आणि तुम्ही मला महिनाभर निळ्या पडद्यात फिरवताय. बॅटरी घेतली. आत्ता माझ्या समोर आहे.

पाटीचे स्क्रू काढून ती घरी आणली. धाकटीला अजून दाखवली नाही. तिला हे पत्र वाचून दाखवणार आणि मग टाकणार. 'भावोजी' या शब्दावर तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचंय.

पाटी आता कपड्याने पुसत होतो. सहा वर्षांची धूळ निघाली. खाली अक्षरांच्या कडा गुळगुळीत लागल्या. मी कडा अशा सोडत नाही, माझ्या कडा बोटाला लागतात. हे पुसून पुसून होतं. रोज कोणीतरी कापड फिरवलं, तर तुमच्या निरोपाआधीच्या सहा वर्षांत इतकं झिजतं. पितळेचं मला कळतं.

रोज कोण पुसत असणार?


३ मार्च

साडूभाऊ,

सीडी चालली नाही. सिस्टीमने तोंड फिरवलं, चूक माझीच. स्कॅनडिस्कने काय म्हटलं ते इतकं भराभर गेलं की लिहून घेता आलं नाही. टिकटिक तशीच आहे. पाट्या ब्याण्णव झाल्या. तारीख रोज घालतो.

आता पत्रांनी भागणार नाही. तुम्ही प्रत्यक्ष या. कंपनीला दोन दिवस तुमच्याशिवाय राहता येत असेल तर. थोरल्या वहिनींनाही आणा, बहिणी-बहिणी बोलत बसतील आणि आपल्याला कोणी बघणार नाही.

आपला,
पाटीवाला


७ मार्च

प्रिय साडू,

कंपनीतून दोन दिवस कसेबसे काढले आहेत. चौदा तारखेला सकाळच्या गाडीने येतो. मी येईपर्यंत मशीनची पेटी उघडू नका. नेहमीसारखं.

आपला,
थोरला साडू


१९ मार्च

साडूभाऊ,

सुखरूप पोचलात, वहिनींचा फोन आला. तुम्ही फोनवर आला नाहीत.

पाट्या एकशे चाळीस पूर्ण. काल दवाखान्यात बसवल्या. अक्षरं तीन पेन ड्राइव्हवर उतरली आहेत. एक दुकानात, एक घरात, एक तुमच्याकडे. कॉम्प्युटर सकाळी उठतो आणि त्याला आज कोणता दिवस आहे ते माहीत असतं. धाकटी शेजाऱ्यांना सांगते, "भावोजींनी पाच मिनिटांत केलं. हे महिनाभर टिकटिक ऐकत बसले होते." शेजारीण म्हणाली, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी तिथेच उभा होतो. मी राहिलोय, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो. कान राहू दे, माझा डोळाही बरा आहे. तुम्ही मशीन उघडलंत, आत वाकून बघितलंत आणि म्हणालात, "अरेच्चा, ही तर बॅटरी गेली आहे!" धाकटीने 'अय्या' म्हटलं. पण ती नवी गोल बॅटरी तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हापासून तुमच्या शर्टाच्या खिशात होती. पातळ कापडातून दिसत होती. मी चहा विचारला.

आणि दुसरी. डिस्क ठणठणीत आहे म्हणालात. तुमच्या शब्दाचा मान ठेवतो. पण टिकटिक अजून आहे. हे लिहितानाही ऐकू येते आहे. ज्ञान तुमच्याकडे असेल, पण माझा कान आजवर चुकलेला नाही.

आपला,
पाटीवाला


२४ मार्च

प्रिय साडू,

बॅटरी खिशात होती. तुमच्या पहिल्या पत्रातच मला कळलं होतं की दोष बॅटरीचा आहे. तेव्हाच लिहिलं असतं तर एका पत्रात काम संपलं असतं, आणि तुम्ही पुढच्या वर्षापर्यंत मला पत्र लिहिलं नसतं. मला सहा वर्षांत कोणी काही विचारलेलं नाही. तुम्ही विचारलंत. म्हणून मी थोडं थोडं सांगितलं. यात तुमच्या अक्षरांना धोका नव्हता, डिस्क चांगली असणार हे मला माहीत होतं. तरी ते बरोबर नव्हतं.

आता तुमचं. स्क्रूड्रायव्हर शोधताना मी तुमच्या टेबलाचा खालचा खण उघडला. तुम्ही तेव्हा वहिनींना, म्हणजे माझ्या घरच्यांना, कोरणी यंत्र दाखवत होतात. खणात कपड्यात गुंडाळलेली पाटी होती. तिच्यावर एक गोल बॅटरी, पाकीट न फोडलेलं. म्हणजे मी येण्याआधी तुम्हाला दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि तरी तुम्ही मला बोलावलंत, आणि 'अरेच्चा' म्हणू दिलंत. मी पाटी होती तशी ठेवली. तुमच्या जागी मी असतो तर धाकटीसमोर टेबलावर मांडली असती. हे मी प्रामाणिकपणे लिहितो आहे, आणि याचाही मला हेवा वाटतो, कारण हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

फोन एकदाही आला नाही. मशीन निरोपाच्या दुसऱ्या दिवशी गेलं. मला ते फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, महिन्याभराने. मी त्याच्याकडे पाटी मागायला गेलो होतो. पाटी असू द्या तुमच्याकडेच. फक्त 'ह'ची शेपटी सरळ करू नका.

पेन ड्राइव्ह माझ्या कपाटात आहे. दर तीन महिन्यांनी तो मशीनला लावून अक्षरं उघडतात का बघत जाईन. जुन्या गोष्टी न उघडता ठेवल्या की जातात. तुम्हीही सकाळी एकदा तारीख बघत जा, बॅटरी पाच वर्षं चालेल, पण विचारायला काही निघालं तर लिहा. नाही निघालं तरी लिहा.

शेवटचं, टिकटिकीबद्दल. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. धाकटी समोर होती म्हणून तिथे बोललो नाही, तुम्ही पाटीचं बोलला नाहीत तसंच. पुढच्या वेळी मशीन बंद करा आणि मान वर करा. तुमच्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपत आला आहे. सेकंदाचा काटा दर फेरीला आठावर अडकून जागच्या जागी उडतो आहे.

आपला,
थोरला साडू